लेकरांसह आलिशान तंबू आणि सफारीचा वीकेंड: सल्ला हवाय

दोनपिल्ली:
मंडळी, जरा मदत करा. लेक नऊ वर्षांची, धाकटा सव्वाचार. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचायचं, रविवारी दुपारी निघायचं. जंगलाच्या कडेला ते आलिशान तंबू असतात ना, खाट-गादी, आतच बाथरूम, गरम पाण्याचा शॉवर, तसा घ्यायचं चाललंय. मी शाळेतून कॅम्पला गेले होते ती सतरंजीवर झोपलेली आणि पाठीखालचा दगड रात्रभर मोजलेली, त्यामुळे तंबू आणि शॉवर हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकत्र बसतच नाहीत. असो.
नवऱ्याचं म्हणणं, एवढा खर्च करतोय तर शनिवारी सकाळ-संध्याकाळ आणि रविवारी सकाळी, तिन्ही सफारी मारू. मला धाकट्याची धास्ती. तो वीस मिनिटं एका जागी गप्प बसला तर आम्ही त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतो. तीन जास्त होतात का? आणि सामानात काय घेऊ?

पाणवठा:
ताई, तीन नकोत. दोनच करा, आणि पहिली शनिवारी दुपारची घ्या. सकाळची गाडी उजाडता उजाडता निघते, म्हणजे पोरांना त्याआधी तासभर तरी उठवायचं. शुक्रवारच्या प्रवासाने शिणलेली, नव्या जागेच्या उत्साहात उशिरा झोपलेली पोरं तशी उठवली की ती रडतात आणि मग अख्खी गाडी रडकुंडीला येते. दुपारी ती जेवून-झोपून ताजी असतात. उन्हं कलली की जनावरंही सावलीतून हलायला लागतात, त्यामुळे फार काही हुकत नाही. शनिवारी लवकर निजवा आणि रविवारची पहाट करा.
दुसरं, बुकिंगच्या आधी वयाची अट विचारून घ्या. उघड्या गाडीत पाच-सहा वर्षांखालची मुलं न घेणारे कॅम्प पुष्कळ आहेत. ‘सहकुटुंब या’ असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ कधीकधी एवढाच, की मूल तंबूत चालेल. गाडीत नाही. आम्हाला हे तिथे पोहोचल्यावर कळलं. मग मी आणि बायको आळीपाळीने गेलो, एक जण आत आणि एक जण लेकीबरोबर कॅम्पमागचं वारूळ बघत. खरं सांगू? वारुळाची पाळी जास्त चांगली गेली. तिने वाळवीने बांधलेली मातीची नळी काडीने जरा फोडली आणि चहा गार होईपर्यंत आम्ही ती दुरुस्ती बघत बसलो.

पहाटपाखरू:
असहमत. पहाटच खरी. ऊन चढलं की मोठी मांजरं आडवी होतात, सिंह तर दिवसाचे वीस तासही लोळून काढू शकतो. दुपारी नेऊन पोरांना झोपलेल्या शेपट्या दाखवणार का? उचलायचं, गोधडीत गुंडाळायचं, गाडीत घालायचं. पहिला अर्धा तास झोपतात बिचारी.

पाणवठा:
एक मूल असेल तर गुंडाळाल हो. दोघं असली की एक झोपतं आणि दुसरं त्याला चिमटा काढतं.

सुगरण:
मी एकाच विषयावर बोलणार आहे: शू.
हसू नका. आत गेल्यावर गाडीतून मनाला येईल तिथे उतरता येत नाही, आणि फेरी तीन-चार तास चालते. आमचा लेक निघताना ‘नाही आली’ म्हणाला. तासाभराने गाइडने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. समोर झुडपाआड काहीतरी होतं, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मागच्या सीटवरच्या काकांनी भला मोठा कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्या शांततेत आमचे चिरंजीव खणखणीत आवाजात: ‘आई, आत्ताच्या आत्ता!’ झुडपाआड जे होतं ते गेलं. काका पुढचे दोन तास आमच्याशी बोलले नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.
तेव्हापासून रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची बाटली, आडोशाला मोठी ओढणी आणि एक जादा पॅन्ट एका पिशवीत, आणि ती पिशवी पायाशी. डिकीत नाही! मुलींसाठी घडीचं पॉटी मिळतं. पाणी मात्र तोडू नका, उघड्या गाडीत ऊन आणि वारा दोन्ही लागतात.
परवडत असेल तर गाडी स्वतंत्र घ्या. तंबूतला नक्षीदार टब नसला तरी चालेल, पण ‘बास, आता परत’ म्हणता येणं हीच माझ्या लेखी चैन.

शंकासुर:
माझ्या नावाला जागून, कॅम्पवाल्यांना फोनवर विचारायचे प्रश्न. कुंपण आहे का? बऱ्याच ठिकाणी नसतं, जनावरं तंबूंमधून जातात आणि अंधार पडल्यावर माणूस सोबत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नसतं. मग जेवणाच्या जागेपासून तंबू किती लांब हे महत्त्वाचं, कारण झोपलेलं सव्वाचार वर्षांचं पोर खांद्यावर टाकून तुम्हालाच चालायचंय. ‘फॅमिली तंबू’ म्हणजे नक्की काय, मधे दार असलेल्या दोन खोल्या की शेजारीशेजारी दोन तंबू? दुसरं असेल तर एक मोठा माणूस इकडे, एक तिकडे, हे आधीच ठरवा. पोहण्याच्या तलावाला कठडा आहे का?
आणि एक गोष्ट कळकळीने. थंडी वाजली म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर तंबूच्या आत घेऊ नका, कोणी प्रेमाने आणून दिली तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत कळत नाही. रबरी पिशवीत गरम पाणी भरून पांघरुणात ठेवा, लहानांच्या अंगाला थेट लागू देऊ नका.
खाऊसुद्धा तंबूत उघडा ठेवायचा नाही. चेन उघडणारी माकडं मी स्वतः पाहिली आहेत.
जाता जाता, सफारी हा शब्द आपल्याकडे आला स्वाहिलीतून, तिथे अर्थ नुसता ‘प्रवास’, आणि मुळाशी अरबी ‘सफर’. प्राणी दिसतीलच असं त्या शब्दात कुठेही म्हटलेलं नाही, हे नवऱ्याला सांगा.

आळशी_अस्वल:
दुर्बिणीचं कोणी बोललंच नाही. लेकीला वेगळी घ्या, नाहीतर भांडणं. मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, तेवढी मिटणारी दुर्बीण हवी. दुकानात तिच्या डोळ्यांना लावून एकच गोल दिसतो का बघा. 8×21 (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 21 मिमीची) हलकी असते, गळ्यात जड होत नाही, पण पहाटेच्या अंधुक उजेडात 8×32 बरंच जास्त दाखवते. दहापटीच्या मागे लागू नका, लहान हातात चित्र नुसतं थरथरतं.
दुपारच्या रिकाम्या वेळात तिला एक गंमत सांगा. हरणांना लाल-नारिंगी वेगळा दिसत नाही, म्हणून वाघाचा भगवा रंग त्यांच्या डोळ्यांना हिरवट, गवतात मिसळणारा. निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा निळा टी-शर्ट घरी.
धाकट्यासाठी छोटा यूव्ही टॉर्च. त्या उजेडात विंचू हिरवा-निळा चमकतो. बूट घालून, गाइडबरोबर, लांबूनच, आणि टॉर्च कोणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. सकाळी बूट झटकूनच पायात घाला, कारण तेच.
डासांचं मलम सनस्क्रीननंतर लावायचं, आधी नाही. निलगिरी-लिंबाच्या तेलाचं तीन वर्षांखालच्यांना चालत नाही, तुमचा धाकटा त्यातून सुटला. मलेरियाचा भाग असेल तर निघायच्या बरेच दिवस आधी मुलांच्या डॉक्टरांना भेटा.

दोनपिल्ली:
बाई गं, केवढी माहिती! सगळ्यांचे आभार. पाणवठा, तुमचं ऐकून आजच फोन केला. उघड्या गाडीला वयाची अट सहा! बंद गाडी स्वतंत्र मिळतेय, ती शनिवारी दुपारी चौघांसाठी घेतली. रविवारी पहाटे बाप-लेक उघड्या गाडीतून जातील आणि मी धाकट्याबरोबर वारूळ शोधेन. नवरा तीनवरून दोनवर आला, पण ‘सफर’वाला मुद्दा ऐकून जरा रुसला आहे.
टॉर्च मागवला, आजच आला. धाकटा दिवे घालवून सोफ्याखाली विंचू शोधतोय. आत्तापर्यंत एक मोजा आणि हरवलेला रिमोट सापडलाय.