फायबर बोटीच्या मागं डिझेलचा काळा थर बसतोय, काढायचा कसा?

भीमाकाठ
नमस्कार मंडळी. मी राहायला सोलापुरात, पण आमच्या मामांची उजनीच्या बॅकवॉटरला करमाळ्याच्या बाजूला फायबरची बोट आहे, पांढरी, आत डिझेल इंजिन. थंडीत रोहित पक्षी बघायला लोक येतात त्यांना फिरवतात. तर मागच्या फळीवर जिथं सायलेन्सरचा पाइप बाहेर निघतो तिथून डावीकडं सगळं काळंकुट्ट झालंय, हात लावला की चिकट. परवा एका पाहुण्याचा पांढरा शर्ट त्याला घासला आणि मामांनी लई बोलणी खाल्ली. पाण्यानं घासलं तर नुसतं पसरतंय. एक जण म्हणतोय संडास साफ करायचं ॲसिड मारा, दुसरा म्हणतोय पॉलिश पेपर मारून रंगच देऊन टाका. काय करावं? आणि परत बसू नये म्हणून काय?

कोकणातला_पाव्हणा
ॲसिडच्या नादाला लागू नका राव. काजळी म्हणजे कार्बन, ॲसिडनं तो विरघळत नाही, उलट जेलकोटची (फायबरवरचा चकचकीत वरचा थर) चमक जाते आणि आसपासचे नट-बोल्ट गंजतात. थर चिकट लागतोय कारण कार्बनसोबत अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल येतं, म्हणून पाण्याला दाद देत नाही. आधी तेल सोडवायचं. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड जरा दाट कालवा, खालून वर लावत न्या (वरून सुरू केलं की ओघळ खाली येऊन त्यांचेच पट्टे पडतात), पाचेक मिनिटं मुरू द्या पण वाळू देऊ नका, मग मऊ कपड्यानं उचलायचं. उचलायचं म्हणतोय, रगडायचं नाही. कपडा सारखा बदला नाहीतर तीच काजळी परत चोळत बसाल. सोलापुरात टॉवेलच्या तुकड्यांना काय तोटा, एखाद्या कारखान्यातनं रिजेक्ट मालाचं बोचकं उचला. एवढ्यानं नाही निघालं तर कपड्यावर थोडं रॉकेल घेऊन हातभर जागा पुसा आणि लगेच परत साबणानं धुवा.

हे सगळं बोट काठावर ओढून, पाण्यापासनं लांब करा. उजनीचं पाणी शेवटी तुमच्याच नळाला येतंय, तेही रोज नाही 😄 घाण चिंध्या पण तिथं टाकू नका.

भीमाकाठ
धन्यवाद दादा. पण फळीवर खाली पाण्याच्या रेषेला पिवळट-तपकिरी डाग पण आहेत, ते यातच जातील का?

कोकणातला_पाव्हणा
नाही, ते वेगळं दुखणं. ते गंजाचे नाहीतर पाण्यातल्या पालापाचोळ्याचे असतात, त्याला ऑक्झॅलिक ॲसिड चालतं, फरशी पॉलिशवाल्यांकडं विचारा. पातळ करून, हातमोजे आणि चष्मा घालून लावा आणि नीट धुवा. काजळीवर मात्र ते मारून उपयोग शून्य. पांढरी खरखरीत रेघ असेल तर तो क्षार, व्हिनेगरनं सुटतो.

धुतल्यावर करडी सावली राहिली तर गाडीचं बारीक रबिंग कंपाउंड घ्या. जेलकोट असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळं दर सीझनला पेपर मारायचा उद्योग नको. आणि सकाळी सावलीत करा, आपल्याकडच्या उन्हात कंपाउंड लावेपर्यंत वाळतंय. शेवटी वॅक्सचे दोन हात. जुना जेलकोट उन्हानं खडूसारखा होतो, त्याच्या बारीक छिद्रांत काजळी शिरते, वॅक्सनं ती वरच राहते आणि साबणाच्या कपड्यानं निघते. पाइपाभोवती वॅक्स लवकर उडतं, तिथं मधनंमधनं परत लावावं लागणार.

नोजलवाला
पुसण्याचं सगळं बरोबर आहे पण एवढी काजळी येतीय कुठनं ते कुणी विचारेना! नीट चालणारं इंजिन असा शर्ट काळा करत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि डिझेल इंजिनला प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त पाहिजे, तेव्हा आधी एअर फिल्टर काढून बघा. इंजिनवर फळ्यांचं झाकण असेल तर त्याला हवा यायला जागा आहे का ते पण बघा, बरेच जण पावसाचं पाणी नको म्हणून सगळं गच्च बंद करतात. मग नोजल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड), डिझेल फवाऱ्यासारखं न उडता ठिबकत असेल तर ते अर्धवट जळणारच. आणि डिझेल पंप कुणी ‘वाढवून’ दिलाय का? ट्रॅक्टरवाल्यांची सवय, ताकदीसाठी स्क्रू पिळतात आणि धूर निघाला की खूश.

धूर निळा असेल तर ऑइल जळतंय. पांढरा, थंडीत चालू करताना थोडा वेळ, तर चालतंय.

भीमाकाठ
काळाच आहे, माणसं पूर्ण भरली की जास्त. मामा म्हणतात फुल रेस दिली तरी इंजिन पहिल्यासारखं ओढत नाही. पंपाला कुणी हात लावलेला नाही म्हणे.

टॉवेलवाले_काका
अरे बाळा सोपं सांगू का, पाइपाभोवती काळा पट्टाच रंगवून टाक, दिसणारच नाही काय 😂

नोजलवाला
काका, दिसणार नाही पण पाहुण्यांच्या कपड्याला लागायचं थांबतंय का 😀

भीमाकाठ, हे लोडचं लक्षण आहे. फुल रेसला इंजिनच्या प्लेटवर लिहिलेलं आरपीएम येत नसेल तर गव्हर्नर (आरपीएम सांभाळणारा भाग) डिझेल ओततच राहतो आणि ते सगळं धूर होऊन बाहेर पडतं. आधी बोट वर घ्या, फॅनच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टला जाळ्याचा दोरा, जलपर्णीची मुळं गुंडाळली आहेत का बघा, बुडाचं शेवाळ खरवडा. ते साफ असूनही ओढत नसेल आणि हवा-नोजल ठीक असेल तर फॅन मोठा पडतोय, पिच (पात्यांचा पीळ) कमी करावा लागेल. तो बोटीचा फॅन करणाराच करतो, गॅरेजमधी ठोकून घेऊ नका.

कोकणातला_पाव्हणा
पाइपाचं तोंड पण बघा. बोट पुढं पळताना मागच्या फळीजवळ हवेचा दाब कमी होतो, धूर उलटा फिरून फळीवर आणि आत माणसांवर येतो. वीतभर पाइप वाढवून तोंड बाहेरच्या अंगाला, किंचित खाली वळवलं तर बराच फरक पडतो. पाण्याखाली मात्र बुडवू नका, इंजिनला बॅकप्रेशर येतं (धुराला बाहेर पडायला अडथळा) आणि बंद केल्यावर पाणी आत शिरायची भीती.

भीमाकाठ
शनिवारी जातोय, मामांना बोट वर काढायला सांगितलीय. फॅन मोठा आहे का लहान ते कसं कळायचं?

नोजलवाला
फॅनच्या मधल्या बुशावर बहुतेक दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यास, दुसरा पिच, इंचात. ब्रशनं घासून फोटो काढा, सोबत इंजिनच्या प्लेटचा आणि गिअरबॉक्सच्या प्लेटचा पण टाका, मग सांगतो.