मदत हवी आहे : चवदार तळ्याच्या खटल्याची कागदपत्रं कुठे मिळतील?

जय भीम मंडळी. महाडच्या सत्याग्रहावर भित्तिपत्रकं करतोय. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळीनं पाणी प्यायले इथवर सगळ्यांना पाठ असतं, पुढची दहा वर्षं मात्र कुणी सांगत नाही. मला तीच मांडायची आहेत.

तळं नगरपालिकेनं १९२४ मध्येच ठरावानं अस्पृश्यांना खुलं केलं होतं, पण फक्त कागदावर. सत्याग्रहानंतर मंदिरात घुसणार अशी आवई उठवून त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेच्या लोकांना मारहाण झाली, मग घागरी भरभरून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' केलं! (माणसाच्या ओंजळीनं बाटलं आणि शेणानं शुद्ध झालं, काय बोलणार.) डिसेंबरात काही सवर्णांनी तळं खाजगी असल्याचं सांगत कोर्टाकडून मनाई हुकूम आणला. म्हणून दुसऱ्या परिषदेत तळ्यावर न जाता २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. निकाल लागला थेट मार्च १९३७ मध्ये, मुंबई हायकोर्टात; बहिष्काराची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही.

या निकालाचं पूर्ण मराठी भाषांतर कुणाकडे आहे का? खालच्या कोर्टातल्या साक्षी-जबान्या छापल्या गेल्यात का? बाबासाहेबांच्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकाच्या अंकांतली त्या वेळची पानं स्पष्ट वाचता येतील अशी हवीत. माझ्याकडच्या झेरॉक्सवर समासाकडच्या ओळी पुसल्यात. कोकणातल्या कुणाच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील तर त्याही लिहा, नाव छापायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.