म्यूटेशन = उत्परिवर्तन की फेरफार? आणि मग व्हेरियंट म्हणजे काय?

कोथरूडकर: कोरोनाच्या काळात पेपरवाले एकाच बातमीत उत्परिवर्तन, स्ट्रेन, व्हेरियंट सगळं एकाच अर्थानं ठोकून द्यायचे. फरक काय नक्की? आणि उत्परिवर्तन बोलताना कोणी म्हणतं का हो, जीभ अडखळते.

बायोवाली: शाळेच्या पुस्तकात तोच शब्द आहे. म्यूटेशन म्हणजे एक बदल. या विषाणूचा आरएनए जवळपास ३० हजार अक्षरांचा, कॉपी होताना एखादं अक्षर चुकतं. उदा. डी६१४जी, २३,४०३व्या जागी ए जाऊन जी आला आणि त्यामुळे स्पाइक प्रथिनातलं (विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन) ६१४ नंबरचं अमिनो आम्ल बदललं, ॲस्पार्टिक ॲसिड (खूण डी) जाऊन ग्लायसीन (खूण जी). नावातच सगळं आलं बघा, आधी कोण, कुठं, नंतर कोण. असे काही बदल एकत्र घेऊन जो पसरतो तो व्हेरियंट. स्ट्रेन खरं तर वागणूकच ठळक वेगळी झाली तर म्हणायचं, पण पाळतंय कोण.

सातबारावाला: तलाठ्याकडं विचारा की, म्यूटेशन एन्ट्री म्हणजे फेरफार! फेरफार नंबर धरून मागं मागं गेलं की जमीन कोणाकडून कोणाकडं आली ते कळतं. सिक्वेन्सिंगवाले, म्हणजे विषाणूची अक्षरं वाचणारे, वेगळं काय करतात?

बायोवाली: हेच करतात 😄 कोणत्या नमुन्यात कोणते जुने बदल आहेत ते बघून वंशावळ लावायची. महिन्याला साधारण दोन बदल टिकतात असा सुरुवातीचा अंदाज होता, त्यावरून फांदी कधी फुटली तेही काढता येतं. इन्साकॉगच्या (कोरोनाचं सिक्वेन्सिंग करणाऱ्या सरकारी लॅबचं जाळं) पहिल्या दहा लॅबपैकी दोन आपल्या पुण्यातल्याच, एनआयव्ही (विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान केंद्र). पण फेरफार नको, 'हिशोबात फेरफार' म्हटलं की कोणीतरी मुद्दाम केलेला वाटतो, इथं नुसती नकलेतली चूक असते.

पाषाणवाला: मग ते 'डबल म्यूटंट' काय होतं?

बायोवाली: टुकार नाव. मार्च २०२१, आपल्या महाराष्ट्रातले नमुने. ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन गाजले म्हणून डबल, बदल प्रत्यक्षात डझनभर तरी होते. त्या व्हेरियंटचं शास्त्रीय नाव बी.१.६१७, पुढं त्याचीच एक शाखा फोफावली, बी.१.६१७.२, तिला डब्ल्यूएचओनं ३१ मे २०२१ ला डेल्टा नाव दिलं, आणि गंमत म्हणजे डेल्टात तो ई४८४क्यू नव्हताच!

कोथरूडकर: बरं, मग लिहिताना उत्परिवर्तन, बोलताना म्यूटेशन. व्हेरियंटला उपप्रकार चालेल?

सातबारावाला: आणि ओमायक्रॉनच्या बीए.१, बीए.२ ला काय म्हणणार, उपउपप्रकार? राहू दे व्हेरियंटच.