चिमण्यांचे दाणे कबुतरंच फस्त करतात, काय करू?

रिकामटेकडी: अंगणात थाळीत बाजरी ठेवते, चिमण्या येतात पण लगेच कबुतरं उतरतात आणि सगळं साफ, चिमण्या बिचाऱ्या कुंपणावर बसून बघत राहतात. थाळी खिडकीजवळ आणू का? आणि शिळा ब्रेड चालतो का?

पानगळ: थाळी बंद करा आधी. नळीसारखा टांगता फीडर घ्या, आखूड दांड्यांचा, कबुतराला त्यावर धड बसताच येत नाही. खाली सांडलेलं रोज झाडून काढा नाहीतर कबुतरं हलणार नाहीत, वर उंदीर येतील ते वेगळेच. ब्रेडने नुसतं पोट भरतं, पोषण जवळपास नाहीच. खारवलेलं तर अजिबात नको.

दुर्बीणवाला: खिडकीचं म्हणाल तर काचेपासून 1 मीटरच्या आत लावा, नाहीतर सरळ 10 मीटर लांब. मधल्या अंतरावरून पक्षी दचकून उडाला की पूर्ण वेगात काचेवर आपटतो, अगदी जवळून उडाला तर तेवढा वेगच येत नाही.

उंबरठा: फीडर धुतं का पण कोणी?? ब्रिटनमध्ये 2005 पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या रोगाने ग्रीनफिंच हे छोटे पक्षी ढिगाने मेले, दूषित दाण्यापाण्यातून पसरतो तो. पिसं फुगवून बसलेला, घास गिळता न येणारा पक्षी दिसला की दाणापाणी काही आठवडे बंदच ठेवा, दया वगैरे बाजूला.

रिकामटेकडी: बापरे, हे डोक्यातच नव्हतं. पिल्लांना बाजरी चालते ना?

पानगळ: चिमण्या पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवतात. झाडांवर कीटकनाशक मारू नका, बास.