नेपोलियनच्या राज्यात ‘प्रजा’ की ‘नागरिक’?

धागाकर्ती: शाळकरी मुलांसाठी एक छोटी गोष्ट फ्रेंचमधून मराठीत आणतेय. साल १८०६, एक खेडं, एक शेतकरीण आणि तिचा वयात आलेला मुलगा. पहिल्याच पानावर गाडी अडली. ‘सम्राटाची प्रजा’ लिहिलं तर डोळ्यांसमोर चवऱ्या आणि भालदार-चोपदार आले. ‘नागरिक’ केलं तर वाटलं, सगळे मतदान केंद्राबाहेर रांगेत उभे आहेत. राजाचं डोकं १७९३ मध्येच उडवलेलं, आणि तेरा वर्षांनी डोक्यावर सम्राट! या माणसांना मराठीत म्हणायचं काय?

ओसरीवरचा: रयत म्हणा की. शेतकरीणच आहे ना? प्रश्न मिटला.

शब्दखोर: मिटला नाही हो, वाढला. ‘रयत’ अरबीतून आलेला शब्द. मूळ अर्थ राखणीतला कळप. मराठीत रयत म्हटलं की सारा भरणारी कुळं आणि वर सरकार, एवढं चित्र लगेच उभं राहतं. इथे भानगड अशी की चर्चची जप्त केलेली जमीन फ्रेंच क्रांतीत लिलावात निघाली. जास्त करून पैसेवाल्यांनी घेतली, पण बऱ्याच शेतकऱ्यांनीही तुकडे घेतले. नेपोलियनने ही खरेदी कायम ठेवली. जमीनदाराचे जुने हक्क परत आले नाहीत, चर्चचा दशमांशही (पिकाचा दहावा हिस्सा) नाही. म्हणजे ताईंची शेतकरीण कदाचित स्वतःच्या नावावरच्या तुकड्यात उभी आहे, आपल्या भाषेत सातबारा तिच्या घरात आहे. तिला रयत म्हटलं तर गोष्टीचा कणाच मोडतो.

आता ‘सम्राट’. शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की राजसूयाने राजा होतो आणि वाजपेयाने सम्राट. म्हणजे आपला सम्राट यज्ञातून वर चढतो. त्यांचा शब्द लॅटिन ‘इंपेरातोर’वरून आलाय. विजयी सेनापतीला त्याचे सैनिक रणांगणावर या नावाने गौरवत. नेपोलियनने ‘राजा’ टाळून हा शब्द घेतला, कारण राजा म्हटलं की क्रांतीने हटवलेलं बूर्बाँ राजघराणं आठवणार. रोममध्ये पहिला सम्राट ऑगस्टस यानेही ‘रेक्स’ म्हणजे राजा हा शब्द टाळलाच होता.

इतिहासवेडा: मूळ कागदच बघा ना. १८ मे १८०४ च्या सिनेटच्या ठरावातलं पहिलं कलम साधारण असं आहे: प्रजासत्ताकाचा कारभार एका सम्राटाकडे सोपवण्यात येत आहे आणि तो ‘फ्रेंचांचा सम्राट’ ही पदवी धारण करील. प्रजासत्ताकाचा कारभार, सम्राटाकडे! आणि हे फक्त कागदावर नव्हतं. १८०८ पर्यंतच्या नाण्यांवर एका बाजूला ‘नेपोलियन सम्राट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ असं कोरलेलं आहे. ‘फ्रेंच साम्राज्य’ हे शब्द १८०९ च्या नाण्यांपासून दिसतात. १८०६ मध्ये तुमची शेतकरीण बाजारात मीठ घ्यायला जात असेल तर तिच्या मुठीत दोन्ही शब्द होते.

पदवीही नीट बघा. फ्रान्सचा नव्हे, फ्रेंचांचा. भूमीचा धनी नाही, लोकांनी नेमलेला. ही शब्दयोजना क्रांतीचीच, १७९१ च्या संविधानाने सोळाव्या लुईलाही ‘फ्रेंचांचा राजा’ केलं होतं. १८०४ च्या दिवाणी संहितेतही ‘प्रत्येक फ्रेंच माणसाला नागरी हक्क असतील’ असं कलम आहे. म्हणून माझं मत: प्रजाही नको, नागरिकही नको. सरळ ‘फ्रेंच लोक’ लिहा.

खडूस वाचक: कागद गोड असतातच. १८०० च्या जानेवारीत पॅरिसमधल्या ७३ वर्तमानपत्रांपैकी ६० एका हुकमाने बंद झाली, १८११ मध्ये उरली चार. १८०६ च्या धर्मप्रश्नोत्तरीत पोरांकडून पाठ करून घेत की सम्राटाला प्रेम, आदर, आज्ञापालन, निष्ठा, लष्करी सेवा आणि कर देणं हे आपलं कर्तव्य. १५ ऑगस्टला (हो, त्याच तारखेला!) ‘संत नेपोलियन’चा सण, कारण साहेबांचा वाढदिवस. हे सगळं करणाऱ्याला आमच्या गावात प्रजाच म्हणतात.

शब्दखोर: पण खडूसराव, मराठीत गंमत अशी की आपण प्रजासत्ताकाचं नावच ‘प्रजे’वरून पाडलंय. प्रजा म्हणजे मुळात संतती. शब्दातच मायबाप सरकार बसलंय. फ्रेंचमध्ये ‘सुजे’ (प्रजा) आणि ‘सितोयँ’ (नागरिक) यांच्यात भिंत आहे, आपल्याकडे नुसता पडदा.

मुलूखगिरी: ‘नागरिक’ शब्द ज्यांच्याकडून खरोखर हिसकावला गेला त्यांच्याबद्दलही बोला. १७९४ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द करून तिथल्या सर्व पुरुषांना फ्रेंच नागरिक म्हटलं. १८०२ मध्ये ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत त्याच माणसांना पुन्हा गुलाम केलं. तिथे अर्थच्छटेची चर्चा करत बसायची सोय नव्हती.

आणि बायका? संहितेचं २१३ वं कलम: नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं, बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी. तुमच्या शेतकरणीचा नवरा जिवंत आहे का? त्यावर बराच हिशेब बदलतो.

धागाकर्ती: विधवा आहे, म्हणूनच व्यवहार तिच्या हातात आहे. हे आधी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दुसरी अडचण संवादांची. गावचा मेयर तिला काय म्हणेल?

इतिहासवेडा: १७९३ च्या सुमारास सगळ्यांना ‘सितोयँ’, बायकांना ‘सितोयेन’, आणि सरसकट अरे-तुरे. अहो-जाहो म्हणजे सरंजामी खूण. १८०६ पर्यंत ‘मस्यो’ (साहेब) आणि ‘मदाम’ (बाई) परतले होते, त्या वर्षीच्या १ जानेवारीपासून क्रांतीचं दहा दिवसांच्या आठवड्याचं पंचांगही गेलं. १८०८ मध्ये तर ड्यूक, काउंट, बॅरन सगळी नवी बिरुदं आली. तेव्हा मेयरच्या तोंडी ‘बाई, तुम्ही’ शोभेल. एखाद्या म्हाताऱ्या जुन्या क्रांतिवाल्याने तिला एकदा ‘अगं नागरिक’ म्हणून हाक मारली तर मजा येईल.

धागाकर्ती: हे मी चोरतेय. शेवटचं: सक्तीच्या लष्करभरतीत मुलाची चिठ्ठी निघते. पैसेवाला शेजारी आपल्या मुलाच्या जागी दुसऱ्याचा मुलगा पैसे देऊन पाठवतो. त्या मुलाला ‘बदली’ म्हणू का?

ओसरीवरचा: ‘बदली’ म्हटलं की पोरांना वाटेल बाबांची नागपूरला झाली. एवजी म्हणा. आमचे आजोबा गिरणीत एवजी म्हणून लागले होते, दुसऱ्याच्या जागी, दुसऱ्याच्या नावावर.

शब्दखोर: वा! ओसरीवरचे, रयतेचं पाप धुतलंत.

धागाकर्ती: ठरलं मग. निवेदनात ‘फ्रेंच लोक’. पाद्री शिकवतो तिथे ‘प्रजा’, तोही पाद्रीच्याच तोंडी. म्हाताऱ्याच्या तोंडी ‘नागरिक’. आणि ‘बदली’ऐवजी ‘एवजी’. मिठाच्या प्रसंगात आता ती नाणं उलटून बघणार आहे.