आंबा संघाचा मेल सर्व्हर: एक्झिम घ्यावा की पोस्टफिक्स?

कलमवाला, देवगड

आमच्या बागायतदार संघाचे ३४ मेलबॉक्स आहेत. आयतं होस्टिंग सोडून डेबियन लिनक्सवर स्वतःचा मेल सर्व्हर उभारतोय. तो चालवायला एक्झिम आणि पोस्टफिक्स असे दोन प्रोग्राम समोर आहेत आणि माझं मत एक्झिमला आहे. कारण सांगतो.

मागच्या एप्रिलात पुण्याच्या एका सोसायटीने ४० पेट्यांची ऑर्डर मेलने पाठवली. पत्ता आमच्यासाठी नवा, सोबत एक्सेलची फाईल. फिल्टरने तो मेल जंकमध्ये टाकला, आम्हाला दिसला सहाव्या दिवशी. आंबा थांबतो थोडाच? अढीतला माल तोवर वाशीला गेला होता. फोनवर त्या बाई एवढंच म्हणाल्या, "जमणार नाही असं तरी कळवायचंत."

तेव्हापासून माझं पक्कं झालंय: संशयित मेल आत घेऊन कोपऱ्यात टाकायचा नाही. समोरचा सर्व्हर जोडलेला असतानाच ५५०, म्हणजे 'मेल घेत नाही' हा आकडी संकेत, सांगून नाकारायचा. माणूस खरा असेल तर त्याला लगेच कळतं की मेल पोचला नाही. आधी घेऊन मग परत पाठवणं तर त्याहून वाईट. स्पॅमवरचा पत्ता खोटा असतो, आपलं उत्तर भलत्याच्याच गळ्यात पडतं.

एक्झिममध्ये हे एसीएलने, म्हणजे काय आत घ्यायचं आणि काय नाही याच्या नियमांच्या यादीने, लिहिता येतं. जोडणी, पाठवणारा, घेणारा, मजकूर, प्रत्येक टप्प्याला वेगळे नियम, वरून खाली वाचत जायचे. आणि 'एक्झिम -बीएच' लिहून पुढे कुठलाही आयपी पत्ता दिला की तिथून कोणी आलंय असं धरून सर्व्हर बोलायला लागतो. पाठवणारा सर्व्हर म्हणतो त्या हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू या ओळी आपण हाताने टाइप करायच्या. कुठल्या ओळीला गाडी अडली ते पडद्यावर दिसतं, खरा मेल एकही जात नाही. सोसायटीच्या सर्व्हरचा पत्ता टाकून मी संध्याकाळभर हेच करत होतो.

खाडीपल्याड, रत्नागिरी

दादा, दारातच नाकारायचं हे मान्य. पण त्याला एक्झिमच कशाला? पोस्टफिक्सला आरस्पॅमडी हा स्पॅम तपासणारा प्रोग्राम मिल्टर नावाच्या जोडणीने लावा, मजकूर तपासून तेही जोडणी चालू असतानाच नाकारतं. वर पोस्टफिक्समध्ये 'रिजेक्ट फूटर' आहे: नकाराच्या प्रत्येक उत्तराखाली संघाचा फोन नंबर लावता येतो. एका ओळीचं काम.

आता सुरक्षेचं बोलूया. जून २०१९ मध्ये एक्झिमच्या ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांत सापडलेलं भोक आठवतं का? बाहेरून कोणीही रूट म्हणून, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण अधिकाराने, कमांड चालवू शकत होता. मे २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने एक्झिमचे एकदम २१ दोष जाहीर केले. एक्झिम म्हणजे रूटचा अधिकार असलेला एकच मोठा प्रोग्राम. पोस्टफिक्स लिहिणाऱ्या वीत्से व्हेनेमांनी तो पहिल्यापासून छोट्या छोट्या प्रोसेसमध्ये तोडला. नेटशी बोलणाऱ्या प्रोसेसला रूटचा अधिकारच नसतो. ३४ मेलबॉक्ससाठी मला ही रचना हवी, एक्झिमची नियम लिहायची भाषा कितीही लवचिक असो.

कलमवाला, देवगड

ताई, २०१९ चं नाकारत नाही. पण ४.९२ त्याच वर्षी फेब्रुवारीत आलं होतं आणि त्यात ते भोक नव्हतं. अडकले ते अपडेट न करणारे.

माझी दुसरी अडचण बाहेर जाणाऱ्या मेलची आहे. आमच्या हिशेबनिसाचा पासवर्ड चोरीला गेला आणि एका रात्रीत त्याच्या खात्यातून हजारो मेल गेले. सकाळी आमचा आयपी काळ्या यादीत, आणि तोही ऐन हंगामात. एक्झिममध्ये 'रेटलिमिट' ही अट एसीएलमध्येच आहे: लॉगिन केलेल्या माणसाला तासाला १०० मेल, पुढे बंद. पोस्टफिक्स स्वतः फक्त येणाऱ्या आयपीवरून मोजतो, माणसावरून नाही.

खाडीपल्याड, रत्नागिरी

ते आरस्पॅमडीकडे द्या. त्यात माणसागणिक मर्यादा लावता येते, सोबत रेडिस हा डेटाबेस लागतो इतकंच.

आणि अपडेटचं म्हणाल तर ४.९४ ला काय झालं? बाहेरून आलेला मजकूर फाईलच्या नावात तसाच वापरायला एक्झिमने बंदी घातली. सुरक्षेसाठी योग्यच, पण चांगल्या चालत्या कॉन्फिग बंद पडल्या. तुम्ही बसून दुरुस्त कराल. तुम्ही मुंबईला नोकरीला गेलात तर कोण करेल? मला खरी काळजी त्याची वाटते. मी अशा दोन संस्थांचे सर्व्हर निस्तरलेत, जिथे लिहिणारा निघून गेला आणि एसीएलला हात लावायची कोणाची छाती होईना.

हर्णै बंदर

तुम्ही दोघं सॉफ्टवेअरवर भांडताय, सर्व्हर ठेवणार कुठे ते आधी ठरवा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक दिवस लाईट नव्हती. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, मग मेल परत. तेव्हा संघाच्या ऑफिसात सर्व्हर ठेवू नका, मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्या. पीटीआर नोंदही, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, तिथेच नीट मिळते.

बॅकअप एमएक्सच्या, म्हणजे मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरच्या, नादी मात्र लागू नका. स्पॅमवाले मुद्दाम त्याच दाराने येतात, कारण कुठला मेलबॉक्स खरा ते त्या बॅकअपला बहुधा माहीत नसतं. सगळं घेऊन ठेवतो आणि वरच्या दादांना नको तोच परतीचा कचरा सुरू होतो.

कलमवाला, देवगड

सर्व्हर मुंबईला ठेवतो, बॅकअप एमएक्स नाही. हर्णैवाले काका, आभार.

ताई, माझ्यामागे कोण, याला खरंच माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून काल चुलतभावाला शेजारी बसवला. तो बीएस्सीला आहे, मेल सर्व्हर कधी बघितलेला नाही. एसीएलच्या प्रत्येक नियमावर मराठीत दोन ओळी लिहिल्या आणि -बीएच त्याच्या हातात दिलं. कुठला मेल का अडला ते त्याने तिसऱ्या वेळी स्वतः शोधलं. मी एक्झिमवरच राहतोय.

तुमचा फोन नंबरवाला मुद्दा मात्र उचलला. एसएमटीपीच्या, म्हणजे सर्व्हर एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीच्या, उत्तरात देवनागरी सहसा चालत नाही, म्हणून रोमन लिपीत लिहिलं, आणि नंबर अगदी सुरुवातीला टाकला. मोबाईलवर परतीच्या मेलच्या पहिल्या दोन ओळींच्या खाली कोणी जात नाही.

खाडीपल्याड, रत्नागिरी

नंबर लँडलाईनचा देऊ नका. एप्रिलात तुमच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नसतं, सगळे बागेत असतात.