कोर्टाने पायरसीची साइट बंद केली, सोबत आमच्या द्राक्षांच्या नोंदीही गेल्या. दाद कुठे मागायची?

मखमलाबादकर:
आमची मखमलाबादला तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग. सासऱ्यांच्या वहीतल्या अकरा वर्षांच्या नोंदी मी एका छोट्या वेबसाइटवर टाकल्यात. गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची) कुठल्या तारखेला केली, पाऊस कधी झाला, डाऊनी (बुरशीचा केवडा रोग) कधी दिसली, काय फवारलं, सगळं. आजूबाजूचे बागायतदार सकाळी फवारणीआधी ती बघतात. मंगळवारपासून घरच्या ब्रॉडबँडवर ती उघडतच नाही, मोबाइल डेटावर उघडते. छाटणीला बावीस दिवस झालेत, घड बाहेर पडलेत आणि परवा रात्री पाऊस झाला. डाऊनीला असेच दिवस लागतात!

होस्टिंगवाला म्हणतो, त्याच सर्व्हरवर चोरीचे सिनेमे दाखवणारी एक साइट होती, ती कोर्टाच्या आदेशाने अडवली. इंटरनेट कंपनीला तीनदा फोन केला. ‘वरून आदेश आहे’, बस. पायरसी थांबलीच पाहिजे, पण त्यात आमचा काय दोष?

नेटवर्क_नाशिकरोड:
ताई, स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच आयपीवर (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावर) शेकडो साइट असतात. नाव अडवण्याऐवजी आयपी अडवला की सगळ्याच जातात. डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ टाकून बघा. तरीही उघडली नाही, तर बहुधा आयपीच अडवलाय. होस्टिंगवाल्याकडे वेगळा आयपी मागा.

वकील_सीबीएस:
सरकारला साइट अडवायचा अधिकार देणाऱ्या आयटी कायद्याच्या ६९अ कलमात कॉपीराइट हे कारणच नाही, म्हणून निर्माते कोर्टात जातात. चोर अज्ञात असतो, तेव्हा प्रतिवादी म्हणून ‘अशोक कुमार’ हे काल्पनिक नाव घालतात. आदेशासोबत साइटची यादी जोडलेली असते, आणि घोळ तिथेच होतो. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच आदेशाने जुनी वेबपानं आणि पुस्तकं जपणारं इंटरनेट अर्काइव्ह भारतात बंद झालं होतं. उलट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी अख्ख्या साइट सरसकट अडवायला नकार दिला होता. २०१९ पासून दिल्लीच्या ‘डायनॅमिक’ आदेशांमुळे नवे पत्ते मागाहून यादीत टाकता येतात, त्यामुळे चूक पकडणं आणखी अवघड झालंय. कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाव्याचा क्रमांक मागा. तो मिळाला की त्याच कोर्टात अर्ज करता येतो.

साउंडवाला_गंगापूररोड:
मी मराठी सिनेमांचं ध्वनिमुद्रण करतो. पहिल्याच शुक्रवारी सिनेमा फुकट फिरायला लागला की आमचे राहिलेले पैसे बुडतात, त्यामुळे हे आदेश मला हवेच आहेत. पण तुमची साइट बंद पडून माझा एक रुपयाही वाचत नाही. यादी देणाऱ्याने प्रत्येक पत्ता स्वतः उघडून बघायला हवा.

मखमलाबादकर:
डीएनएस बदलून उपयोग झाला नाही. काल नवा आयपी घेतला, रात्री साडेनऊला साइट उघडली. सासऱ्यांनी लगेच २०१९ चं पान काढायला लावलं. त्या वर्षीच्या अवकाळीत त्यांनी कधी काय फवारलं, ते सगळं तिथे आहे. लेखी तक्रार दिली, पोचही मिळाली. दाव्याचा क्रमांक मात्र अजून कोणी देत नाही. तो मिळेपर्यंत मी मागत राहणार.